रंगाच्या आधी मागचा अ‍ॅक्सल

भाट्ये, रत्नागिरी
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री तुझा फोन झाला तेव्हापासून डोक्यात तीच गाडी आहे. काकांची प्यूजो ३०९ तू भंगारात घालणार नाहीस, दुरुस्त करून वापरणार, हे ऐकून फार बरं वाटलं. महाशिवरात्रीला त्याच गाडीतून काका आपल्याला कुणकेश्वरला घेऊन गेले होते. वाळूत चाक रुतल्यावर आपण दोघांनी मागून ढकलली होती, आठवतं ना? त्यानंतर वर्षभरातच मी माझी ३०९ घेतली ती त्याच आठवणीपायी.

पण बोलता बोलता तू म्हणालास, देवगडात चांगला पेंटर मिळालाय, पुढच्या आठवड्यात गाडी रंगाला टाकतो. फोनवर मी हो ला हो केलं आणि नंतर झोप लागेना. म्हणून हे पत्र. रंगावर एक रुपया खर्च करण्याआधी मागचा अ‍ॅक्सल (मागची दोन चाकं धरणारा आडवा सांगाडा) उघडून बघ. बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही.

उद्या सकाळी एवढं कर. गाडी सपाट जागेवर उभी कर, मागे दहा पावलं जा, उकिडवा बस आणि मागची दोन्ही चाकं नीट बघ. चाकं उभी सरळ दिसली तर देवाची कृपा. पण वरची बाजू आत झुकलेली आणि खालची बाहेर गेलेली दिसली, पाय फाकून उभ्या राहिलेल्या बैलासारखी, तर अ‍ॅक्सलच्या आतलं बेअरिंग गेलं समज. मग टायरच्या आतल्या कडेवर हात फिरव. ती बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजलेली असेल. शेवटी चाक जॅकवर घे, वर-खाली धरून हलव. हाताला खडखड जाणवली की आधी चाकाचं बेअरिंग तपास. ते घट्ट असूनही चाक हलत असेल तर दोष आतल्या अ‍ॅक्सलमध्ये आहे.

असं का होतं ते सांगतो, कारण कारण कळलं की मिस्त्री तुला गंडवू शकत नाही. या गाडीला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंगही नाहीत. आडव्या नळीच्या बाजूने लोखंडी बार जातात, ते पिळले जातात आणि तीच स्प्रिंग. प्रत्येक चाकाचा हात, म्हणजे चाक धरणारा लोखंडी आर्म, एका दांड्यावर फिरतो, आणि तो दांडा नळीत सुयांच्या बेअरिंगवर बसलेला असतो. प्यूजोच्या युरोपातल्या २०५ आणि ३०६ या गाड्यांचाही मागचा अ‍ॅक्सल याच घडणीचा. रस्त्यावर गाडी इतकी छान बसते ती त्याच्यामुळे. पण बाहेरच्या टोकाला जे रबरी सील असतं ते कालांतराने कडक होऊन चिरतं. मग पाणी आत जातं, ग्रीस धुपतं, सुया गंजतात आणि त्या गंजलेल्या सुया दांड्यालाच खाऊ लागतात. फ्रान्समध्ये जे बऱ्याच वर्षांनी होतं ते आपल्याकडे लवकर होतं. आपलं पाणी नुसतं पाणी नसतं. भरतीच्या वेळी खाडीकाठच्या रस्त्यावर चढणारं खारं पाणी, त्यात जांभ्याची लाल माती, आणि चार महिने न थांबणारा पाऊस.

माझ्या गाडीत हे सगळं झालं. स्पीडब्रेकरवरून जाताना मागून जुन्या दरवाजाच्या बिजागरीसारखा करकर आवाज यायचा. मी शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले, आवाज तसाच. रबर बुश बदलले, आवाज तसाच. दोन पावसाळे असेच गेले. शेवटी हातखंब्याच्या उतारावर डावं मागचं टायर मडगार्डला घासायला लागलं आणि जळक्या रबराचा वास आला तेव्हा गाडी थांबवली. अ‍ॅक्सल उघडला तर आत ग्रीसचा थेंब नव्हता, तांबडा भुगा होता, ओल्या गेरूसारखा. बेअरिंगच्या सुया अर्ध्या मोडलेल्या, आणि दांड्यावर बोटाच्या नखाला अडकेल एवढी खाच. सुरुवातीलाच उघडला असता तर दोन बेअरिंगं आणि दोन सील एवढ्यावर भागलं असतं.

पुढचीही चूक ऐक, म्हणजे तुझे पैसे वाचतील. दांडा मिळेना म्हणून मी एका लेथवाल्याकडून नवीन करून घेतला. माप बरोबर, फिनिश सुंदर, पण पोलाद मऊ होतं. सुयांचं बेअरिंग थेट दांड्यावर फिरतं, म्हणून तो पृष्ठभाग कडक केलेला आणि नंतर ग्राइंड केलेलाच लागतो. माझा दांडा एका पावसाळ्यात पुन्हा खाचला. दुसऱ्यांदा कोल्हापूरला उद्यमनगरात नेला, तिथे हार्डनिंग करून ग्राइंड करून घेतला, आणि आजतागायत तो शाबूत आहे. तेव्हा कुणालाही काम देताना पहिला प्रश्न हाच विचार: हार्डनिंग कुठे करणार? उत्तर चाचपडत आलं तर उठून ये.

आणि एक, बार काढण्याआधी त्याच्या टोकावर आणि चाकाच्या हातावर पंचने समोरासमोर खुणा कर. बारला दोन्ही टोकांना दाते असतात. एक दाता इकडेतिकडे बसला की गाडीची उंची बदलते, मग एका बाजूने झुकलेली गाडी घेऊन गावभर फिरावं लागतं. खडूची खूण डिझेलने पुसली जाते, पंचची नाही. बार गंजून बसलेला असेल तर हातोडीने ठोकून काढू देऊ नकोस, स्लाइड हॅमर, म्हणजे सरकत्या वजनाच्या झटक्याने बाहेर ओढणारं अवजार, लागतो. तो माझ्याकडे आहे. जोडताना मी नळीला दोन्ही बाजूंनी ग्रीसची निप्पलं बसवून घेतली. दरवर्षी मृगाच्या आधी ग्रीसगन लावतो आणि सीलच्या कडेने नवं ग्रीस डोकावेपर्यंत दाबतो.

आता इंजिन. तू म्हणतोस चालू होतं, आवाजही गोड आहे. असेलच, ते १५२७ सीसीचं डिझेल इंजिन दमदार आहे. तुझ्या फायद्याची गोष्ट म्हणजे हेच प्यूजोचं इंजिन पुढे मारुतीच्या झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत आलं. ३०९ कल्याणच्या कारखान्यात काही वर्षंच बनली, म्हणून दुकानात तिचं नाव काढलं की माणूस मान हलवतो. तू झेन डिझेलचं नाव घे. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा इंजिनाचा पट्टा), पाण्याचा पंप, गॅस्केट, पिस्टन रिंगा यांचा शोध तिथून सुरू होतो. मात्र जुना भाग हातात घेऊन जा, शेजारी ठेवून दाते मोज, मगच पैसे दे. इंजिनाबाहेरचं, म्हणजे माउंटिंग, गिअरबॉक्स, नळ्या, जुळेलच असं धरून चालू नकोस.

टायमिंग बेल्ट कधी बदलला हे काकांच्या वहीत लिहिलेलं नसेल तर बदललेलाच नाही असं समज. किलोमीटर कमी आहेत म्हणून थांबू नकोस. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून पंप आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) त्याच वेळी घाल, नाहीतर सहा महिन्यांनी तीच मजुरी परत. बेल्ट काढायच्या आधी फ्लायव्हील आणि दोन्ही पुली पिनांनी अडकवूनच काम करायचं. रंगाच्या खुणा करून बेल्ट चढवतो म्हणणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नकोस.

तुझ्या मेव्हण्याची महिंद्रा-रेनॉची लोगन आहे ना, डिझेल? तिचं इंजिन वेगळं, १४६१ सीसीचं. त्याला एवढंच सांग की बाहेरचा, अल्टरनेटरचा पट्टा कडेला सुतं सुटलेला दिसला की त्याच दिवशी बदल. ती सुतं क्रँकच्या पुलीमागून टायमिंग बेल्टमध्ये शिरतात आणि छोट्याशा कामाऐवजी पूर्ण इंजिन उघडावं लागतं. भाग शोधताना व्हेरिटोच्या नावानेही विचारायचं, गाडी तीच आहे.

पाण्याचं आता. या गाड्यांचं इंजिन तापतं अशी ओरड असते. बहुतेक वेळा कूलिंगमध्ये हवा अडकलेली असते. कुलंट भरताना थर्मोस्टॅटच्या घरावरचा ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा) सैल कर, हीटरच्या पाइपावर असेल तर तोही. बाटलीचा बूड कापून तोंडाकडून टाकीत उलटी घट्ट बसव, म्हणजे पाण्याची पातळी सगळ्यात उंच राहते. स्क्रूमधून बुडबुडे थांबून सरळ धार आली की बंद कर. हे न केल्यामुळे मी एकदा आंबा घाटात साखरप्याच्या वर अर्धा तास काटा लाल रेघेवर बघत उभा होतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, एकदा नीट तापलं की वाकतं. आणि विहिरीचं पाणी घालू नकोस, कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच.

सकाळी स्टार्टर खूप मारावा लागत असेल तर लगेच हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन आतून गरम करणारे) बदलत बसू नकोस. फिल्टरनंतरच्या डिझेलच्या नळीत वीतभर पारदर्शक नळी जोड आणि रात्रभर सोड. सकाळी आत हवा दिसली तर कुठेतरी नळी हवा ओढते आहे. फिल्टरच्या तळाचं पाणी महिन्यातून एकदा काढ. बॅटरीची अर्थची पट्टी सोडवून, पॉलिश पेपरने घासून, व्हॅसलीन लावून परत बसव. देवगडात निम्म्या इलेक्ट्रिक तक्रारी एवढ्यानेच जातील.

पत्र्याबद्दल मात्र मला थांबवत नाही. गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री बांधतोस असं म्हणालास. आजच काढ. तिच्याखाली वाफ धरते आणि गाडी आतून सडते. चारी बाजूंनी मोकळा मांडव घाल, वर नारळाच्या झावळ्यांचे झाप टाक, वारा खेळू दे. मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत जांभ्याची माती घट्ट बसते आणि वर्षभर ओली राहते. गोड्या पाण्याच्या पाइपाने ती धू, बोट घालून काढ. दरवाजांच्या खालची आणि काचेखालची पाणी जायची भोकं काडीने मोकळी कर, आंब्याची पानं तिथेच कुजतात. खालून जळकं ऑइल मारायची आपल्याकडे रीत आहे, ती करू नकोस. त्याने रबर बुश फुगतात. मेणाचं रस्टप्रूफिंग मार, तेही गाडी पूर्ण कोरडी असताना. आता कळलं ना, पेंटरला का थांबव म्हणतोय? अ‍ॅक्सल उतरवताना, सडलेला पत्रा कापून वेल्डिंग करताना नवा रंग जळणारच. शिवाय लांबी (पुट्टी) भरून झाकलेला गंज दोन पावसाळ्यांत फोडासारखा वर येतो.

कागदपत्रांचंही बघ. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. ब्रेक, दिवे आणि पत्रा नीट करूनच जा. गाडी अजून काकांच्या नावावर असेल तर ते आधी उरक.

पाऊस यायला दहाबारा दिवस आहेत. एक बाजू उघडून बघायला एक दिवस पुरतो. मी रविवारी सकाळच्या एसटीने येतो, स्लाइड हॅमर आणि ग्रीसगन माझ्या पिशवीत असेल. तू दोन मजबूत घोड्या (गाडी तोलून धरणारे स्टँड) आण, एका जॅकवर गाडीखाली आपण शिरायचं नाही. तोपर्यंत चाकाच्या हाताच्या नटबोल्टांवर रोज संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारत जा. आईला सांग, सोलकढी पुरे, बाकी काही करू नकोस म्हणावं.

तुझा,
आप्पा

ता. क. बेल्ट बदललास की जुना फेकू नकोस. तारीख आणि किलोमीटर लिहून डिकीत ठेव. पुढे पुन्हा नवा घ्यायचा झाला तर शेजारी धरून माप दाखवायला तोच कामी येतो.