चेन देण्याआधी चार प्रश्न विचारणाऱ्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या नाना पेठेत बाइकच्या स्पेअर पार्टची दुकानं रग्गड आहेत. पैसे टेकवले की चेन हातात मिळते. तुमच्या काउंटरवर मात्र आधी उलटतपासणी होते. गाडी कुठली, कुठल्या सालची, चेन कुठल्या मापाची, ४२८ की ५२०, लिंका (चेनच्या कड्या) मोजल्यास का, पुढचं सॉकेट (स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक) किती दाती, मागचं किती? पहिल्यांदा आलेला माणूस वैतागतो. पण घरच्या पार्किंगमध्ये पाने पसरून बसणाऱ्या आम्हा मंडळींची निम्मी कामं या प्रश्नांमुळेच धड होतात, म्हणून हे जाहीर आभार.

सर्वात मोठे आभार लिंका मोजायला लावल्याबद्दल. बहुतेक जण जुनी चेन नव्या चेनशेजारी ठेवून लांबी जुळवतात आणि तिथेच फसतात. ४२८ ची एक लिंक १२.७ मिमी, म्हणजे ११८ लिंकांची नवी चेन साधारण १४९९ मिमी भरते. ती दोन टक्के वाढली की ३० मिमी जास्त होते, दोन लिंकांहूनही अधिक. त्यामुळे नवी चेन अगदी बरोबर असली तरी आखूड दिसते आणि गिऱ्हाईक ती बदलून मागायला येतं. चेनचे पत्रे ताणले जात नाहीत. पिन आणि बुश झिजतात आणि प्रत्येक सांध्यात केसभर ढील साठत जाते. म्हणून आतली आणि बाहेरची अशी प्रत्येक लिंक मोजायची, चेनची टोकं जोडणाऱ्या लॉकचीसुद्धा. आकडा विषम आला तर मोजणी चुकली, पुन्हा सुरू. चेन बदलायची वेळ झाली का, याचंही तुमचं माप सोपं आहे: चेन ताणून धरायची आणि २१ पिनांमधलं, म्हणजे २० लिंकांचं अंतर घ्यायचं. नवीला २५४ मिमी, २५९ झालं की उतरवा.

नुसती चेन मागणाऱ्याला तुम्ही चेन आणि दोन्ही सॉकेट असा अख्खा सेट घ्यायला लावता, त्यावरून कुरकूर होते. पण जुन्या सॉकेटचे दात वाढलेल्या चेनच्या मापाने झिजलेले असतात, करवतीसारखे एका बाजूला कललेले. त्यावर नवी चेन चढवली की सगळा भार दोन-चार दातांवर येतो आणि ती निम्म्या वेळात संपते. इथे वाचवलेले पैसे दुप्पट होऊन बाहेर पडतात.

कामाचा क्रम तुम्ही बिलाच्या मागे लिहून देता, तो सोन्यासारखा आहे. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलला, किल्ली खिशात. पुढच्या सॉकेटचं कव्हर काढून त्याचे बोल्ट जुनी चेन जागेवर असतानाच ढिले करायचे, मागचा ब्रेक दाबून. बऱ्याच कम्युटर, म्हणजे रोजच्या वापराच्या छोट्या गाड्यांना तिथे लॉकप्लेट आणि १० नंबर पान्याचे दोन बोल्ट असतात. चेन आधी काढली तर सॉकेट गरगर फिरतं आणि बोल्ट हलत नाहीत. मग मागचा ॲक्सल नट आणि ॲडजस्टर सैल करून चाक पुढे ढकलायचं, कारण नवी चेन आखूड असते. मागचं सॉकेट बदलायला चाक उतरवलंच आहे तर ड्रममधली झटके शोषणारी डॅम्पर रबरं बघून घ्यायची. ती सैल असतील तर नव्या चेनलाही झटके बसतात.

लॉक बसवायला मागच्या सॉकेटचे दात वापरायचे, ही युक्ती तर फारच कामाची. चेनची दोन्ही टोकं शेजारच्या दातांवर टेकवली की ती आपोआप जवळ राहतात, दुसऱ्या माणसाची गरज पडत नाही. लॉकची क्लिप बाहेरच्या बाजूला आणि तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला, म्हणजे चेनच्या वरच्या पट्ट्यात पुढच्या चाकाकडे. उलटी बसवली तर उघड्या तोंडाला काहीतरी अडकून ती निसटू शकते. पक्कडीने आत सरकवल्यावर क्लिपचे दोन्ही पाय खाचेत बसलेत का, हे नखाने चाचपून बघायचं. एकदा काढलेली क्लिप पुन्हा वापरायची नाही. तिचा ताण गेलेला असतो.

५२० ची ओ-रिंग चेन (सांध्यांत रबरी रिंगा असलेली) मागणाऱ्याला तुम्ही आधी विचारता, लॉकची पिन दाबून पक्की करायचं, म्हणजे रिवेटचं टूल आहे का? नसेल तर थेट गॅरेजचा रस्ता दाखवता. हातोड्याने पिन ठोकणाऱ्यांना तो सल्ला झोंबतो, पण बरोबर आहे.

ताण देताना चाक हाताने सावकाश फिरवून चेन सर्वात घट्ट कुठे होते ते शोधायचं आणि ढील तिथेच मोजायची. कम्युटर गाड्यांना बहुधा २० ते ३० मिमी, खालच्या पट्ट्याच्या मध्यावर, तरीही गाडीच्या पुस्तकातला आकडा शेवटचा. घट्ट चेन दिसायला छान, पण पाठीमागे माणूस बसला की ती आणखी ताणते आणि इंजिनच्या शाफ्टचं बेअरिंग व ऑइल सील खाते. सैल परवडली, घट्ट नाही. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवायच्या. आणि ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक पुढे सरकलं की ब्रेकचा रॉड सैल पडतो, हे सांगणारे तुम्हीच. चेन बदलून लोक खुशीत निघतात आणि पहिल्याच सिग्नलला पेडल खोल जातं. नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन मात्र नवीच हवी.

तेलाबद्दल तुमचं म्हणणं पटतं: साधी चेन रॉकेलने धुवायची, कोरडी करून ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने सोडायचं. वरून थापलेलं ग्रीस आत पोचत नाही, धूळ मात्र धरतं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फडकं लावणाऱ्याला तुम्ही भर दुकानात झापता. बोट सॉकेटमध्ये गेलं तर उरत नाही. तो आवाज खाली आणू नका.

पहिल्या ५०० किमीनंतर नवी चेन सैल पडते. आमच्यातल्या दोघांची ती वेळ आलीच आहे. ४२८ च्या लॉकची दोन पाकिटं बाजूला काढून ठेवा, शनिवारी संध्याकाळी घेऊन जातो.

तुमचे,
पार्किंगमधले मेकॅनिक