‘कोण निघते?’, म्हणजे कोण निवडून येते, या प्रश्नाबद्दल मित्रास

तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२६ मध्ये तुझा फोन आला तेव्हा आमच्याकडे तुरीची सोंगणी चालू होती आणि तुलाही बुलेटिन गाठायचे होते, त्यामुळे बोलणे दोन मिनिटांत उरकले. अकोट नगरपालिकेत भाजप आणि एमआयएम एकाच आघाडीत बसल्याची बातमी तेव्हा देशभर फिरत होती. मुख्यमंत्र्यांनी जाहीर नापसंती दाखवली होती, आणि तुला माझ्याकडून एवढेच हवे होते की यात नेमका कोणाचा गेम झाला आणि पुढे जिल्हा परिषदेला फटका कोणाला बसेल. जे सुचले ते मी सांगितले. उरलेले आता सवडीने लिहीत आहे. तू मुंबईच्या वृत्तवाहिनीत आहेस आणि मी वावरात, तरी एकमेकांना खरे सांगण्याची आपली जुनी सवय मोडायचे कारण नाही.

त्या दोन दिवसांत अकोट जितके पडद्यावर दिसले, तितके मी आयुष्यात पाहिले नव्हते. कोणत्या पक्षाचे किती नगरसेवक, कोण कोणाच्या गाडीत बसून गेला, कोणाला नोटीस निघणार, हे सगळे मला मुंबईहून कळले. ज्या नगरपालिकेसाठी हा खटाटोप झाला ती शहराला पाणी कोठून देते, ते किती दिवसांआड येते आणि नव्या आघाडीचे त्याबद्दल काय म्हणणे आहे, हे मात्र एकाही वार्ताहराने विचारलेले मला दिसले नाही. जिल्हा परिषदेचे तू विचारलेस, तर तिची मुदत जानेवारी २०२५ मध्येच संपली. तेव्हापासून तेथे प्रशासक आहे आणि हातपंपाची तक्रार घेऊन जायला गावाला सदस्य उरलेला नाही. तुझ्या दृष्टीने ती एक येऊ घातलेली लढत आहे आणि आमच्या दृष्टीने ती बंद पडलेली कचेरी आहे.

विधानसभेच्या वेळी मी एका उमेदवाराच्या तालुक्याच्या प्रचार कार्यालयात दोनदा-तीनदा जाऊन बसलो होतो. पक्ष कोणता ते सांगत नाही, कारण दुसऱ्याच्या कार्यालयात वेगळे काही दिसले असते असे मला वाटत नाही. तेथे एका मुलाकडे बूथवार वही होती. प्रत्येक गावापुढे आपले किती, त्यांचे किती, काठावरचे किती, आणि शेवटी ‘नाराजी’ असा एक रकाना. माझी धाकटी बहीण बाळापूर तालुक्यात दिली आहे. तिच्या गावापुढे त्या रकान्यात ‘पाणी’ असे लिहिले होते. मी विचारले, यावर करणार काय? तो सहज म्हणाला, “काका, मतदानापर्यंत टँकर लावून देऊ. मंग पाहू.” मुलगा वाईट नव्हता, उलट कामाला चोख होता. त्याच्या वहीत पाण्याची अडचण नाराजी झाली होती, आणि नाराजी मिटवायला टँकर पुरतो. तुमच्या वृत्तकक्षात त्याच अडचणीला फटका म्हणतात, आणि फटका मोजायला एक विश्लेषक पुरतो. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे की पक्षाचा आतला माणूस आणि बातमीदार हे आता एकच प्रश्न विचारतात, म्हणून पाणी कधी येणार हे विचारणे कोणाच्याच कामात बसत नाही.

आमच्या भागाबद्दल तुला थोडे माहीत आहे, तरी लिहितो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातील सुमारे नऊशे गावे खारपाण पट्ट्यात येतात. जमीन काळी, खोल, पाहायला सोन्यासारखी, आणि तिच्या पोटातले पाणी खारे. बहिणीच्या घरी बोअरच्या पाण्याने गंजाला, म्हणजे पातेल्याला, पांढरा थर धरतो आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही. त्या पाण्याने ओलीत करावे तर जमीन घट्ट होऊन बसते, म्हणून पावसाच्या भरवशावर कापूस, सोयाबीन, तूर आणि ओल टिकली तर हरभरा, एवढ्यावर संसार चालतो. नळाचे पाणी आले तर आले, नाही तर प्यायला कॅन विकत. मूतखडा आणि किडनीच्या आजारांची तक्रार त्या पट्ट्यात इतकी जुनी आहे की पाहुणा आला तर प्रकृतीच्या चौकशीत ती ओघाने येते. गोडे पाणी वरून, सातपुड्यातून आणावे लागते. त्यासाठी वान धरण आहे, ८४ खेडी योजना आहे, बुलढाण्याकडे १४० गावांची योजना आहे, आणि माझ्या गावाचा कालवाही त्याच वानचा आहे.

आता बाळापूरच्या ६९ गावांच्या पाणीपुरवठा योजनेचे उदाहरण घे. उद्धव ठाकरे यांच्या सरकारच्या काळात ती मंजूर झाली, सरकार बदलल्यावर तिला स्थगिती मिळाली. बाळापूरचे आमदार नितीन देशमुख, तेच जे शिवसेनेच्या फुटीत सुरतला गेले आणि परत आले म्हणून तुम्ही त्यांना ओळखता, एप्रिल २०२३ मध्ये खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले. पोलिसांनी त्यांना नागपूरजवळ ताब्यात घेतले. वाहिन्यांवर ते दिवसभर होते. ठाकरे गटाचे शक्तिप्रदर्शन झाले का, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या घरापर्यंत मोर्चा पोचू दिला तर त्यांची कोंडी होईल का, सुरतचा हिशेब चुकता झाला का, यावर चर्चा झडल्या. टँकरमधले पाणी प्यायच्या लायकीचे का नाही, हा प्रश्न बाजूला पडला.

आणि या प्रकरणाची खरी गाठ निराळीच होती. वानचे पाणी बाळापूरला देण्यास माझ्याच तालुक्यातील शेतकऱ्यांचा विरोध होता. धरण सिंचनासाठी बांधले, पिण्यासाठी एकामागून एक आरक्षणे वाढत गेली, आता आणखी एक वाढले तर रब्बीची पाळी, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची फेरी, कमी होईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. अकोला शहरासाठी वानचे पाणी मागितले गेले तेव्हाही हाच विरोध झाला होता. माझ्या वावराला पाळी हवी आणि बहिणीच्या घराला घोटभर गोडे पाणी हवे. रक्षाबंधनाला मी तिच्याकडे गेलो की हा विषय ताटावरच निघतो, आणि त्या भांडणात भाजप नसतो, ठाकरे नसतात. धरणात साठा किती, त्यातला पिण्यासाठी आधीच राखून ठेवलेला किती, कालव्यात आणि फुटक्या पाइपात जातो किती, बाळापूरला पाण्याचा दुसरा उद्भव, म्हणजे स्रोत, मिळतो का, आणि पिणे आणि ओलीत यांत कोणाला आधी, एवढे प्रश्न सुटे करून कोणी विचारले असते तर दोन्ही तालुक्यांना निदान कशावर भांडायचे हे कळले असते. हा हिशेब गुप्त नाही, पाटबंधारे विभागाच्या कागदावर असतो. पण त्यात कोणी कोणाला पाडत नाही, म्हणून तो दाखवण्यासारखा नाही.

सुरतचा विषय निघालाच आहे तर २०२२ चा तो महिना आठव. २० जूनच्या रात्रीपासून साऱ्या महाराष्ट्राला सुरत, गुवाहाटी, तिथली झाडी, डोंगर आणि हाटील तोंडपाठ झाले. आमच्याकडे ते पेरणीचे दिवस होते. ३० जूनला नवे सरकार आले आणि ९ ऑगस्टपर्यंत मंत्रिमंडळात दोनच माणसे होती. त्याच जुलैत विदर्भात अतिवृष्टी झाली, उगवलेली पिके पाण्याखाली गेली, कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. जिल्ह्याला पालकमंत्री मिळायला सप्टेंबर उजाडला. तुम्ही रोज विचारत होता की कोणाला कोणते खाते मिळणार. कृषी खात्याला मंत्री नसल्यामुळे कोणता निर्णय अडला आहे, असेही विचारता आले असते. खाते तेच, बातमीही तीच, फक्त तोंड दुसरीकडे वळवायचे होते.

सोयाबीनचे तर विचारूच नकोस. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजार समितीत चार हजारांच्या आसपास बोली लागत होती. निवडणूक लागल्यावर एका बाजूने सहा हजारांचे आश्वासन आले, दुसऱ्या बाजूने सात हजारांचे. जणू मालाचा नाही, आमचाच लिलाव चालला होता, आणि वाहिन्यांवर चर्चा ही की सहा भारी पडणार की सात. हमीभावाच्या केंद्रावर माल परत येत होता तो ओलाव्यामुळे, कारण मर्यादा १२ टक्क्यांची. ती केंद्राने १५ टक्के केली १५ नोव्हेंबरला, मतदानाच्या पाच दिवस आधी. तोवर ज्याला दिवाळीपूर्वी पैसा हवा होता त्याने व्यापाऱ्याला माल घालून टाकला होता. निर्णय चांगला होता, महिनाभर आधी झाला असता तर उपयोगाचा होता. पण तुम्ही त्याची गणना ‘विदर्भात डॅमेज कंट्रोल’ या सदरात केली आणि पुढे गेलात. निकालानंतर बारदाना, म्हणजे पोती, नाही म्हणून खरेदी थांबली तेव्हा कॅमेरे मंत्रिपदांच्या रांगेत उभे होते. पुढच्या वर्षी हमीभाव ५,३२८ झाला, ऐन हंगामात बाजारात तेवढाही मिळाला नाही, आणि सहा-सातचा तो आकडा आश्वासनातच राहिला.

हे सगळे एकाच पक्षाचे आहे असे म्हणू नकोस. १९८४ मध्ये दांडेकर समितीने सिंचन, रस्ते, वीज, शाळा असा खातेनिहाय अनुशेष मोजून सुमारे ३,१८७ कोटींचा आकडा मांडला, त्यात सर्वांत मोठा वाटा विदर्भाचा होता. त्या अहवालावर वर्षानुवर्षे वाद झाले, पण ते अडचणीच्या मोजमापावर झाले. १९९४ पासून अशा मागे राहिलेल्या भागांसाठी वैधानिक विकास मंडळे होती. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. १ मार्च २०२१ रोजी विधानसभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सांगितले की राज्यपाल बारा आमदारांची नावे जाहीर करतील, त्यानंतर मंडळे जाहीर करू. विदर्भाचा अनुशेष आणि विधान परिषदेच्या बारा खुर्च्या एका तागडीत बसवल्या गेल्या. विरोधकांनी त्यावर गदारोळ केला, तुम्ही तो दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न होता की या फेरीत कोणाची सरशी झाली.

तू म्हणशील की लोकांना हेच पाहायचे असते. खरे आहे, आणि ते मला आवडत नाही म्हणून मी नाकारणार नाही. आमच्या चौकातल्या पानटपरीवरही सकाळी पहिला प्रश्न “कोन निंघते?” हाच असतो, आणि ज्याच्या घरी नळ कोरडा आहे तोही पैज लावतो. अकोल्यात लोकसभेला तिरंगी लढत ठरलेली, वंचितचा फटका कोणाला हे गणित शाळकरी पोरसुद्धा मांडून दाखवते. जिंकल्याशिवाय काही करता येत नाही हेही मला समजते. हरलेल्या माणसाने आणलेली योजना मी पाहिलेली नाही. पण त्याच टपरीवर पाळीचे वेळापत्रक निघाले की पैजा थांबतात आणि लोक कागद काढून वाचतात. लोकांना हिशेब कळत नाही हे तुझे म्हणणे मी मान्य करणार नाही. ज्याने उधारीवर बियाणे घेऊन कापूस केला, त्याला हिशेब कळतोच. तुमच्याकडे तो सांगणारा माणूस नाही, कारण तालुक्याचा वार्ताहर तुम्ही जाहिराती गोळा करण्यावर बसवला आणि जिल्ह्याचा नेत्यांच्या मागे धावण्यावर.

म्हणून एक मागणे आहे. पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते. लोकप्रतिनिधी आणि अधिकारी बसून त्या वर्षीच्या साठ्यातून पिण्यासाठी किती ठेवायचे आणि गहू-हरभऱ्याला किती पाळ्या सोडायच्या, हे तेथे ठरते. वानच्या पाण्यावरचे सारे भांडण त्या खोलीत होते, आणि मला माहीत आहे तेवढ्या बैठकांत तेथे कॅमेरा नव्हता. एक नवा, अजून कोणाच्या गाडीत बसायला न लागलेला मुलगा पाठव. मागची इतिवृत्ते मी माहितीच्या अधिकारात मागवली आहेत, ती त्याला देईन. आदल्या दिवशी त्याला बहिणीच्या गावी घेऊन जाईन, दुसऱ्या दिवशी आमच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला, जेथे पाणी पोचत नाही म्हणून लोक माझ्यावरही चिडलेले आहेत. दोन्हीकडचे ऐकून मग बैठकीत बसू दे. निवडणुकीचे त्याने विचारलेच तर तेही सांगू, पण ते शेवटी.

त्याची झोपण्या-जेवण्याची सोय माझ्याकडे. गाडीभाडे तेवढे तुझ्या कंपनीने द्यावे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि अण्णांच्या गुडघ्याचे काय झाले ते कळव.

तुझा,
तेल्हाऱ्याचा मित्र