पुढं काय होतं, असं आईनं विचारलं

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवरच बोलले असते, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर. बाबा शेजारी बसून पेपर वाचत असल्यासारखं करतात आणि आई निम्मं बोलणं गिळून टाकते. म्हणून लिहितेय. बाबा, हे पत्र तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं, मधलं काही गाळायचं नाही. तुमच्याबद्दल लिहिलंय तेही.

आई, परवा तू विचारलंस, "तुमच्या त्या पुस्तकांत असल्या बायकांचं फुडं काय हुतं गं?" तेवढ्यात तुझ्या दारात कुणीतरी आलं आणि तू फोन ठेवलास. प्रश्न मात्र माझ्याकडंच राहिला.

त्या दिवशी मांडवात मी तुझ्या मागंच होते. पाच सुवासिनी पाटाभोवती जमल्या होत्या आणि ज्याचं लग्न त्याची सख्खी आई मागं स्वयंपाकघराच्या दारात, हातात कसलंसं रिकामं पातेलं धरून उभी. काका गेल्यापासून काकी प्रत्येक कार्यात तशीच उभी असते. हातात काही काम असलं की आपल्याला कुणी पुढं बोलावलं नाही हे दिसत नाही. तू ताटातली हळदीची वाटी उचललीस, सरळ दारापर्यंत गेलीस आणि म्हणालीस, "पयली हळद तू लाव. ल्योक तुझा हाय." बस्स, एवढंच. तुझ्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. उलट घाईतच होतीस, कारण भटजींचं मुहूर्त मुहूर्त चाललं होतं. काकीनं पदराला हात पुसले, परत पुसले. आंब्याचं पान हळदीत बुडवताना तिचा अंगठाच वाटीत गेला आणि नवरदेवाच्या गालावर पानाच्या जागी अंगठ्याचा पिवळा ठसा उठला. हळदीच्या सगळ्या फोटोंत तो आहे.

मग मोठ्या आत्या "मला जरा बरं वाटंना" म्हणून उठल्या, त्यांच्या मागोमाग आणखी दोघी. संध्याकाळी बाबा म्हणाले, "असलं काही करायचं होतं तर आधी बोलायचं तरी." आणि आता भावकीतल्या दुसऱ्या हळदीचं आवतण आलं ते फक्त बाबांना. आई, तू तिथनंच विचारतेयस, हे मला कळतं.

बाबा, रागावू नका, पण आपल्या घरात बंडखोर माणसं आणली ती तुम्हीच. कारखान्याच्या टाइम ऑफिसमधून सुटलात की तुमची सायकल करवीर नगर वाचन मंदिराकडं वळायची. १८५० सालचं वाचनालय आहे आपलं, असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, जसं काही आजोबांनीच काढलं. 'कोसला' मी तुमच्या पिशवीतूनच पळवली होती. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक तुम्ही आणलंत तेव्हा त्यातल्या शिक्षिकेची, लीला बेणारेची, बाजू जेवताना इतक्या तावातावानं मांडलीत की आमटी गार झाली आणि आई म्हणाली, "त्या बाईचं नंतर, आधी भात घ्या." आता तुमचीच बायको, जिनं यातलं एक पानही वाचलेलं नाही, ती मांडवात उभी राहिली आणि तुम्ही म्हणालात, आधी बोलायचं.

मला याचं नवल वाटलं नाही. वाचताना आपण सगळेच त्या एकट्या माणसाच्या बाजूनं असतो, कारण दुसऱ्या दिवशी तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं असतं ते त्याला, आपल्याला नव्हे. तेंडुलकरांच्या नाटकातले ते सुखात्मे, काशीकर, पोंक्षे यांच्यात एक तरी गुंड आहे का? सगळी सभ्य, समाजकार्य करणारी माणसं. आपल्या नाटकाच्या प्रयोगाआधी वेळ घालवायला खेळ म्हणून खटला मांडतात आणि खेळता खेळता एका बाईला सोलून काढतात. ज्याच्यामुळं ती लग्नाशिवाय गरोदर राहिली तो प्राध्यापक दामले तर रंगमंचावर येतच नाही. आणि शेवटी? आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथं बघ. खेळ संपतो, बाकीचे खऱ्या प्रयोगाच्या तयारीला लागतात आणि बेणारे निपचित पडून असते. त्या गावचा सामंत तेवढा एक कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो. पडदा. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली का, कशी गेली, पगार झाला का, काही नाही.

बहुतेक पुस्तकांचं असंच आहे. इब्सेन म्हणून नॉर्वेचा नाटककार होता. त्याची नोरा १८७९ साली नवऱ्याचं घर सोडून गेली. दार आपटल्याचा आवाज झाला आणि नाटक संपलं. ती कुठं राहिली, काय खाल्लं, हे त्यानं लिहिलं नाही. तीन वर्षांनी, १८८२ मध्ये, त्यानं दुसरं नाटक लिहिलं, आणि ते बाबांना आवडेल, कारण ते पाण्याचं आहे. एका गावात औषधी स्नानगृहं असतात, त्यांच्यावर गावाचं पोट. तिथल्या डॉक्टर स्टॉकमनच्या लक्षात येतं की वरच्या अंगाला कातडी कमावणारे कारखाने आहेत, त्यांची घाण या पाण्यात उतरते, माणसं आजारी पडतात. त्याला वाटतं, गाव आपला सत्कार करेल. गावचा प्रमुख म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. तो म्हणतो, गप्प बस. पेपरवाले आधी पाठीवर थाप मारतात, मग खर्चाचा आकडा ऐकून फिरतात. भर सभेत ठराव होतो की डॉक्टर हा जनतेचा शत्रू. पंचगंगेवर मेलेल्या माशांचे फोटो छापून येतात तेव्हा मला दर वेळी हा डॉक्टर आठवतो. सत्यजित राय यांनी याच नाटकावर 'गणशत्रू' हा बंगाली सिनेमा केला आणि स्नानगृहाच्या जागी देवळाचं तीर्थ आणलं, म्हणजे आपल्याकडं ती गोष्ट किती अलगद बसते बघा.

तर त्या सभेत झटापटीत डॉक्टरची विजार फाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या काचा फुटलेल्या, घरमालकानं घर सोडायला सांगितलेलं, मास्तरीण असलेल्या पोरीची नोकरी गेलेली. अशात डॉक्टर बायकोला म्हणतो, विजारीचं काही एवढं नाही, ती तू शिवून देशील; पण ही सामान्य माणसं माझ्या बरोबरीची असल्यासारखी माझ्या अंगावर आली, ते मला सहन होत नाही.

मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. विजार बायको, म्हणजे कॅथरिन, शिवणार, हे त्यानं गृहीतच धरलंय. आणि या माणसाचं पाण्याबद्दल शंभर टक्के खरं होतं, पण त्याला लोक आवडत नव्हते. सभेत तो चांगल्या जातीची कुत्री आणि गावठी कुत्री असली भाषा करतो. मी कॉलेजात असते तर म्हटलं असतं, काय बाणेदार माणूस! आता मला तो थोडा नकोसा वाटतो. बरोबर असलेल्या माणसाबद्दल असं लिहिणं इब्सेनला जमलं, म्हणून तो मोठा.

कारण लोक म्हणजे कोण, आई? मोठ्या आत्याच ना. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर रात्री काढल्या त्याच. ऑगस्ट २०१९ ला शुक्रवार पेठेत पाणी शिरलं तेव्हा ज्यांच्या माडीवर आपली गादी, गॅस आणि बाबांची कपाटातली पुस्तकं गेली, त्यांच्याच सुनेनं परवा तुला आवतण दिलं नाही. कादंबरीत हे बसवणं अवघड असतं. तिथं समाज म्हणजे एक घोळका असतो, त्याला तोंड नसतं. आपल्याला मात्र प्रत्येकाचं तोंड माहीत आहे, कुणाला किती साखर लागते तेही माहीत आहे. बाबा लोकांना भितात असं मला कधी वाटलं नाही. त्यांना ती माणसं गमवायची नाहीत.

बाबा, तुम्ही पहाटे म्हणता ते तुकोबा इथं त्या डॉक्टरच्या पुढं जातात, असं माझं मत. 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥' असं एका अभंगात ठणकावून सांगणारा हाच माणूस दुसरीकडं म्हणतो, 'बुडती हे जन न देखवे डोळां । येतो कळवळा म्हणऊनि ॥' लोकांचं ऐकलं नाही, पण लोक बुडताना बघवलंही नाही. (आवलीनं या सगळ्यात संसार कसा ओढला ते कुणी विचारत नाही. विजार पुन्हा बायकोकडंच.)

आणि आई, त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या एका बाईचं पुस्तक छापून आलं. ताराबाई शिंदे, 'स्त्रीपुरुषतुलना'. तुझ्यासारखीच तिखट. नवरा मेला यात बाईचा काय अपराध, आणि बायको मेली तर पुरुष का नाही कोपऱ्यात बसत, असं तिनं सरळ विचारलं. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली, बाकी टीकेचा भडिमार झाला. त्यानंतर तिचं दुसरं पुस्तक आलं नाही. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' शोधून पुन्हा छापलं. तिचं पुढं काय झालं, या तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर मला अजिबात आवडत नाही, पण खोटं कशाला सांगू?

म्हणून मी पुस्तकं बाजूला ठेवून आपल्याच कोल्हापूरकडं बघितलं. शाहू महाराजांच्या पागेतल्या गंगाराम कांबळेची गोष्ट बाबांनी मला कितीदा तरी सांगितली आहे. सवर्णांच्या पाण्याला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. पुढं महाराजांच्या आधारानं त्यानं भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल घातलं. गिऱ्हाईक येईना. तर महाराज गाडी तिथं थांबवायचे, चहा मागवायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. बाबा, तुम्ही ही गोष्ट महाराजांच्या मोठेपणासाठी सांगता. मला त्यातलं 'पुन्हा पुन्हा' दिसतं. एकदाच प्यायले असते तर लोक आठवडाभर बोलले असते आणि हॉटेल बंद पडलं असतं. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदाही याच संस्थानात १९१७ साली झाला, आणि तरी शंभर वर्षांनी काकी पातेलं धरून दारात उभी आहे.

हेरवाडचं तर तुम्हाला माहीतच आहे. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सरकारनंही त्याच महिन्यात बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. ठराव झाला ते उत्तमच. पण ठराव काही वाटी उचलून दारापर्यंत जात नाही. ते तू केलंस.

तर पुढं काय होतं, हे आता आपल्यालाच बघायचंय. माझं म्हणणं असं: संक्रांतीचं हळदी-कुंकू यंदा आपल्याच घरी कर. दर वर्षी करतेस तसंच, यंदा विशेष काही आहे असं दाखवायचं नाही. काकीला आदल्या दिवशीच बोलाव, तिळगूळ वळायला. तिला दारात काम देऊ नकोस, कुंकवाचं तबक तिच्या हातात दे. येणाऱ्या येतील, ज्यांना नको त्या तुझ्याकडून लावून घेतील, कुणी काही बोललंच तर बोलू दे. पुढच्या वर्षी परत कर. वाण मी इथून आणते, स्टीलच्या वाट्या नकोत, सगळ्यांच्या घरी ढीग झालाय.

आणि मोठ्या आत्यांना सोडून हे करायचं नाही. त्यांना बोलवायला बाबांनी स्वतः जायचं. फोन नाही, नातवाला पाठवणं नाही. वाद घालू नका, पुस्तकातलं काही सांगू नका, गुडघ्याचं विचारा, आणि मग म्हणा, "तुझ्या वहिनीनं बोलावलंय, काकीबी हाय." हे दुसरं वाक्य गाळायचं नाही. त्या चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत आणि साखर तीन चमचे टाकतील. तुमची शुगर वाढलीय हे आधीच सांगा.

मी भोगीच्या आदल्या रात्रीच्या गाडीनं निघते.

तुमची,
सुमी