पहाटे सहाची बेल

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर रडलीस आणि मी "अगं, नियमच आहे तो" एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर माझा मलाच राग आला. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

पहाटे सहाला बेल वाजते, दारात दोन अनोळखी बायका, उत्तेजक चाचणीसाठी तुझ्या लघवीचा नमुना घ्यायला आलेल्या. ओळखपत्र दाखवतात, आत येतात आणि त्यातली एक थेट तुझ्यामागून बाथरूममध्ये. शर्ट छातीपर्यंत वर, पॅंट गुडघ्यांपर्यंत खाली, बाह्या कोपरापर्यंत, आणि ती समोर उभी राहून बघतेय. "मी काय चोर आहे का?" तू विचारलंस. मी गप्प बसले, कारण त्या बाजूला मीही उभी राहिलेय.

तू लहान होतीस तेव्हा काही वर्षं मी स्पर्धांमध्ये शॅपरोनचं काम करायचे. शर्यत संपली की जिची चाचणी असेल तिला गाठायचं, कागदावर सही घ्यायची आणि तिथून पुढे ती नमुना देईपर्यंत तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. काम इतकंच, पण त्यातली एक संध्याकाळ अजून डोक्यातून जात नाही. पंधराशे मीटरमध्ये चौथी आलेली एक मुलगी होती, जेमतेम सतराची. सोडतीत तिचं नाव निघालं होतं. नव्वद मिलिलिटर द्यायचं होतं, आणि तिला होईना. पाणी प्यायली, आणखी प्यायली. दोन तासांनी कसंबसं झालं, तर ते इतकं पातळ की घनता मापात बसेना. पुन्हा वाट बघा. बाहेर बक्षीस समारंभ आटोपला, दिवे मालवले, संघाची बस तिच्यासाठी थांबून राहिली. शेवटी रात्री दहाच्या सुमाराला झालं. तिने स्वतःच्या हाताने ते 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत ओतलं. त्या बाटल्यांचं झाकण फिरवताना कटकट असा आवाज येतो. एकदा लागलं की फोडल्याशिवाय उघडत नाही. शेवटचा 'कट' झाल्यावर तिने मला विचारलं, "ताई, हे सगळ्यांचंच होतं ना?"

मी हो म्हणाले. ते खरं नव्हतं. त्या दिवशी तिच्या शर्यतीतल्या तिघींचीच चाचणी झाली होती.

तुझं गाऱ्हाणं वाचताना (रात्री अडीचला पाठवलेला तुझा तो लांबलचक मेसेज मी तीनदा वाचलाय) मला तीच आठवली. फक्त एक गोष्ट मला तुझ्यासारखी वाटत नाही. बाथरूममधली ती बाई म्हणजे जाच आहे. लाजिरवाणा आहे, अगदी मान्य. पण तो अन्याय नाही. लोकांनी दुसऱ्याची लघवी पिशवीत भरून कपड्यांत लपवून आणली, म्हणून ती बाई तिथे उभी असते. आणि पहाटेची वेळ कुणाच्या खोडसाळपणाने ठरलेली नाही. ईपीओसारखं, तांबड्या रक्तपेशी वाढवणारं औषध रात्री थोड्या मात्रेत घेतलं तर काही तासांत त्याचा माग पुसट होतो. आधी फोन करून सकाळी अकराला आले तर हाती काय लागणार?

चाचणीत सापडला नाही म्हणजे स्वच्छ, असंही नाही. लान्स आर्मस्ट्राँगने शेकडो चाचण्या दिल्या आणि त्या जोरावर तो वर्षानुवर्षं छाती काढून फिरला. 2012 मध्ये त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं गेली ती मुख्यतः त्याच्याच संघातल्या सायकलपटूंच्या साक्षींमुळे. म्हणून तर आता रक्ताचे आकडे वर्षानुवर्षं टिपून ठेवतात, तो 'जैविक पासपोर्ट'. तुझं रक्त पुन्हा पुन्हा का घेतात, असं तू मागच्या महिन्यात विचारत होतीस, ते यासाठी. तुझे आजचे आकडे तुझ्याच जुन्या आकड्यांशी ताडून बघतात.

आणि हे काहीच नसेल तर भोगतं कोण? 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये गोळाफेकीत अ‍ॅडम नेल्सन आणि युक्रेनचा बिलोनोह या दोघांचीही सर्वोत्तम फेक 21.16 मीटर. दुसऱ्या क्रमांकाच्या फेकीवर सुवर्ण बिलोनोहला गेलं. गोठवून ठेवलेला त्याचा नमुना आठ वर्षांनी पुन्हा तपासला, तेव्हा त्यात स्टेरॉइड सापडलं. नेल्सनला सुवर्ण मिळालं 2013 मध्ये, अटलांटाच्या विमानतळावर, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत. ना राष्ट्रगीत, ना पोडियम. आज तुला जी बेल नकोशी वाटते ती तेव्हा नीट वाजली असती तर, असं त्याला किती वेळा वाटलं असेल.

आता जिथे मी तुझ्या बाजूची आहे तिथे येते.

तुझ्या शरीरात जे सापडेल त्याला तू जबाबदार, मग ते कसंही आलेलं असो, हा 'वाडा'चा पाया आहे. (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचं हे छोटं नाव ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे चिरेबंदी भिंती आणि दिंडीदरवाजाच येतो. फारसं चुकीचंही नाही ते.) हे तत्त्व का आहे हे मला कळतं. "मला माहीत नव्हतं" एवढं म्हणून सुटता येत असेल तर कुणालाच काही माहीत नसणार. पण त्यात सोळा वर्षांची आंद्रेया रादुकान भरडली गेली. सिडनीला 2000 मध्ये संघाच्याच डॉक्टरने तिला सर्दीची गोळी दिली, त्यात स्यूडोएफेड्रिन निघालं आणि जिम्नॅस्टिक्समधलं वैयक्तिक सर्वसाधारण सुवर्ण काढून घेतलं. दोष तिचा नाही हे क्रीडा लवादानेही मान्य केलं, तरी पदक गेलंच. आणि 2004 मध्ये तेच द्रव्य बंदीच्या यादीतून वगळलं! 2010 मध्ये मर्यादा घालून परत आणलं, ती गोष्ट वेगळी.

आणि डायन मोडाल. तुझीच शर्यत, आठशे मीटर. 1994 मध्ये पोर्तुगालमध्ये दिलेल्या तिच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन बेसुमार निघालं आणि चार वर्षांची बंदी आली. नमुना थंड जागी न ठेवल्यामुळे त्यात जिवाणू वाढले आणि आकडा बिघडला, हे पुढे शास्त्रज्ञांच्या मदतीने तिला दाखवून द्यावं लागलं. 1995 मध्ये ती निर्दोष सुटली. नंतर नुकसानभरपाईसाठी कोर्टात गेली आणि तिथे हरली. म्हणजे चूक बाटली सांभाळणाऱ्यांची आणि भुर्दंड हिला.

माझ्या मते अन्याय आहे तो इथे. नियम सगळ्यांना एकच, पण स्वतःला निर्दोष ठरवायला लागणारे वकील, प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ ज्याचे त्याने आणायचे. टेनिसपटू यानिक सिनरच्या नमुन्यात 2024 मध्ये दोनदा क्लोस्टेबॉल हे स्टेरॉइड सापडलं, अगदी कणभर. मसाज करणाऱ्याने स्वतःच्या बोटाच्या जखमेवर जो स्प्रे मारला त्यातून ते आलं, हे त्याच्या माणसांनी चटकन मांडलं आणि तात्पुरतं निलंबन काही दिवसांत उठलं. शेवटी 2025 मध्ये 'वाडा'शी तडजोड होऊन तीन महिन्यांची बंदी, आणि त्यात एकही ग्रँड स्लॅम बुडाली नाही. सिनर खोटं बोलला असं मी अजिबात म्हणत नाही. पण टेनिसमधलीच सिमोना हालेप बघ. ऑक्टोबर 2022 पासून ती बाहेर बसली, मग चार वर्षांची बंदी झाली. लवादाने मार्च 2024 मध्ये ती नऊ महिन्यांवर आणली, तोवर तिची जवळजवळ सतरा महिने भोगून झाली होती! दोघांची प्रकरणं वेगळी आहेत हे खरं, पण हालेप तर जगात पहिल्या क्रमांकावर राहिलेली. तिची ही गत, तर त्या सतरा वर्षांच्या चौथ्या नंबरवालीने काय केलं असतं?

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये पहिल्यांदा स्टेरॉइड सापडलं तर ऐंशी सामन्यांची बंदी, म्हणजे साधारण अर्धा हंगाम. तुमच्याकडे चार वर्षं. कारण तिथे खेळाडूंची संघटना टेबलापलीकडे बसून नियम ठरवते. त्यांची शिक्षा सौम्य आहे म्हणून मला ती आवडते असं नाही, पण टेबलाला त्यांची खुर्ची आहे. तुमच्या खेळाडू समितीच्या निवडणुकीचा अर्ज तू "वेळ नाही" म्हणून बाजूला टाकलास. काढ तो पुन्हा.

बाकी रोजचं. चाचणीसाठी रोज कुठे सापडशील हे कळवायची ती एक तासाची वेळ तू पहाटे सहा ते सातच ठेव, त्या वेळी तू अंथरुणातच असतेस. ख्रिश्चन कोलमन तेव्हा शंभर मीटरचा जगज्जेता होता, पण दिलेल्या वेळेत घरी नव्हता, जवळच नाताळची खरेदी करत होता. बारा महिन्यांत तिसरी चूक झाली आणि टोकियो ऑलिंपिक हुकलं. कुठे मुक्काम हलवलास तर ॲपमध्ये आधी बदल, मग बॅग भर. प्रोटीन पावडरचा डबा संपला की फेकू नकोस, आणि त्याच बॅचचा एक डबा सील न फोडता ठेवत जा. टेनिसपटू इगा श्वियाँतेकच्या झोपेच्या गोळ्यांतच भेसळ होती. त्या गोळ्या प्रयोगशाळेत तपासता आल्या म्हणून ती एका महिन्यावर सुटली. सर्दी झाली तरी गोळी घेण्याआधी नाव तपास, भले ती मी दिलेली असो.

चाचणीच्या फॉर्मवर शेरा लिहायला एक रकाना असतो. बहुतेक मुली तो मोकळा सोडतात, मी ढीगभर बघितलेत. त्या बाईने दार नीट लोटून घेतलं नाही असं तू म्हणालीस ना, ते पुढच्या वेळी तिथे लिही आणि मग सही कर. त्या वेळी हात थरथरतो, मला माहीत आहे. अक्षर वाईट आलं तरी चालेल.

रविवारी फोन कर. या वेळी मी ऐकेन.

तुझी,
आई