बंद झालेल्या ब्रँडच्या छोट्या गाड्यांना वाली कोण?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटारींचा एखादा ब्रँड बंद झाला की त्याची बातमी अर्थकारणाच्या पानावर येते. कारखान्याचं काय होणार, नोकऱ्या किती गेल्या, तोटा किती झाला, हे सगळं त्यात असतं आणि असायलाच हवं. पण त्या नावाच्या ज्या गाड्या लोकांच्या दारात उभ्या आहेत, त्यांचं पुढे काय होतं हे सहसा कुणी विचारत नाही. मी अशाच एका गाडीची मालकीण आहे. माझ्याकडे देवू या कोरियन कंपनीची मॅटिझ आहे. धाकटा भाऊ अमेरिकेत असतो, त्याच्याकडे जनरल मोटर्सच्या 'जिओ' या ब्रँडची मेट्रो आहे. म्हणजे आम्ही दोघंही बाजारातून उठून गेलेल्या नावांच्या गाड्या चालवतो, आणि दोन्ही गाड्या रोजच्या वापरात आहेत.

नोकरीची सगळी वर्षं मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. बिन कार्ड, पार्ट नंबर, पुरवठादारांचे कॅटलॉग यांतच माझं आयुष्य गेलं. त्यामुळे एक गोष्ट मी अनुभवाने सांगू शकते. ब्रँड बंद झाल्यावर पार्ट मिळत नाहीत असं जे म्हणतात, त्यातले निम्म्याहून अधिक पार्ट मिळत असतात. मिळत नाही ती माहिती. कुठला पार्ट आता कोणत्या नावाने आणि कोणत्या नंबरने विकला जातो, हे कंपनीला माहीत असतं आणि ग्राहकाला नसतं. माझं सगळं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे: ब्रँड गुंडाळताना कंपनीने ही माहिती जाहीर केलीच पाहिजे.

छोट्या गाड्यांच्या बाबतीत हे अधिकच खरं आहे, कारण छोटी गाडी सहसा एकटी जन्माला येत नाही. स्वस्त गाडीत नफा कमी, म्हणून कंपन्या एकच गाडी चार नावांनी विकतात. जिओ हा ब्रँड १९८९ ते १९९७ एवढाच काळ टिकला. पण मेट्रो मुळात सुझुकी कल्टस. कॅनडात इंगरसोल इथे जीएम (जनरल मोटर्स) आणि सुझुकीचा भागीदारीतला कारखाना होता, तिथे ती बने. तीच गाडी सुझुकी स्विफ्ट म्हणून विकली गेली, कॅनडात पाँटिअ‍ॅक फायरफ्लाय म्हणून, ऑस्ट्रेलियात होल्डन बरिना म्हणून. जिओ नाव गेल्यावर २००१ पर्यंत ती जीएमच्याच शेव्हरोले ब्रँडची मेट्रो होती. आपल्या वाचकांना आठवत असलेली मारुती १००० हीसुद्धा याच कल्टसची डिकीवाली बहीण. यातले जिओ, पाँटिअ‍ॅक आणि होल्डन हे तिन्ही ब्रँड आज नाहीत. सुझुकी मात्र आहे, आणि सुझुकीचा कॅटलॉगही आहे.

मॅटिझची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. ही गाडी १९९८ मध्ये आली. तिचं रूप इटलीच्या जुजारो यांच्या इटालडिझाइनचं. लगेच १९९९ मध्ये देवू समूह कर्जाखाली कोसळला, २००० च्या नोव्हेंबरमध्ये मोटार कंपनी दिवाळखोर ठरली आणि २००२ मध्ये जीएम देवू म्हणून नवी कंपनी उभी राहिली. पुढे हीच मॅटिझ कुठे शेव्हरोले मॅटिझ झाली, कुठे शेव्हरोले स्पार्क, तर मेक्सिकोत चक्क पाँटिअ‍ॅक. उझबेकिस्तानात असाका इथे ती देवूच्याच नावाने नंतरही कितीतरी वर्षं बनत राहिली. युरोपात ज्यांनी देवू बुडाली म्हणून शेव्हरोलेकडे आशेने पाहिलं, त्यांच्याकडून २०१५ अखेर शेव्हरोलेही निघून गेली. एकाच गाडीच्या मालकाला दोनदा पोरकं व्हायची वेळ आली.

एवढ्या उलथापालथीत एक गोष्ट मात्र टिकून राहिली, ती म्हणजे पार्ट नंबर. देवूचे आठ आकडी नंबर ९६ ने सुरू होतात, आणि शेव्हरोलेच्या डब्यावरही तेच नंबर छापलेले सापडतात. डब्याचा रंग बदलला, वरचं चिन्ह बदललं, आतली वस्तू तीच. ज्याने 'देवूचा क्लच प्लेट' मागितला त्याला नकार मिळतो, आणि ज्याने आठ आकडे लिहून नेले त्याच्यासमोर डबा येतो. मी दुकानात गाडीचं नाव घेतच नाही. आधी नंबर सांगते.

इथे घाई मात्र करू नये. मॅटिझचं ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं इंजिन सुझुकीच्या एफ८ घराण्यातून आलेलं आहे. देवूने त्याआधी सुझुकी अल्टोवरून टिको नावाची गाडी केली होती, हा धागा तिथला. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिमी, म्हणजे मारुती ८०० चीच मापं. म्हणून अनेक जण एकीचा पार्ट दुसरीला ठोकून बसवायला बघतात. घराणं एक असलं तरी देवूने पुढे त्यात आपले बदल केलेले आहेत, त्यामुळे नातं कळल्यावरही कॅलिपर घेऊन माप घ्यावंच लागतं. कंपनीने यादी दिली, तर हे अंदाजाचं काम उरणार नाही आणि चुकीच्या पार्टने इंजिन बिघडणारही नाही.

भावाच्या मेट्रोचं उदाहरण सांगते. ते ९९३ सीसीचं, तीनच सिलिंडरचं इंजिन. त्याची एक खोड ओळखीची आहे: ईजीआरची (थोडा एक्झॉस्ट धूर पुन्हा इंजिनात नेणारी) वाट काजळीने तुंबते, ज्वलन जास्त गरम होऊ लागतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. चार सिलिंडरच्या गाडीत एक गेला तरी गाडी रेटते, तिनातला एक गेला की चढावर जीव जातो. तिथल्या एका गॅरेजने सांगितलं, इंजिन संपलं, असल्या गाडीवर खर्च करू नका. भावाने घरीच इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवलं आणि मला व्हिडिओवर व्हॉल्व्ह दाखवला. बशीच्या कडेला नखाएवढा तुकडा उडालेला होता, बाकी व्हॉल्व्ह साबूत. जिओच्या नावाने शोधलं तर जीएमचा नंबर येई आणि पुढे 'उपलब्ध नाही'. सुझुकीच्या कॅटलॉगात तोच व्हॉल्व्ह वेगळ्या नंबरने होता. सुझुकीच्या नंबरातले पहिले पाच आकडे वस्तू कोणती ते सांगतात, म्हणून यादी चाळणं सोपं जातं. व्हॉल्व्ह आला, सीटवर घासून बसवला, ईजीआरची वाट तारेने साफ केली. गाडी आजही चालते.

माझ्याकडे अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) किंचाळायला लागला तेव्हा असाच सल्ला मिळाला. अख्खा अल्टरनेटर बदला, तो मिळणार नाही, गाडी काढून टाका. मी तो उघडायला लावला. आतलं बेअरिंग वाजत होतं, आणि बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतोच. बेअरिंगला ब्रँड बंद पडल्याचा काही फरक पडत नाही. ६३०३ लिहिलं असेल तर आतला व्यास १७, बाहेरचा ४७ आणि जाडी १४ मिमी, जगात कुठेही. ऑइल सीलवर तिन्ही मापं छापलेली असतात. पट्ट्यावर ४पीके लिहून पुढे आकडा असेल, तर चार खाचा आणि मिलिमीटरमध्ये लांबी. स्पार्क प्लगचं बीपीआर६ईएस हे नावसुद्धा आटे, लांबी आणि उष्णतेची श्रेणी सांगतं. गाडीतल्या किती वस्तू अशा सार्वजनिक मापाच्या असतात याचा मालकांना पत्ताच नसतो, आणि गॅरेजवाल्यांना अख्खं असेंब्ली बदलणं सोपं पडतं.

एक सावधगिरी मात्र मी सगळ्यांना सांगते. बंद ब्रँडचा 'जुना पण न वापरलेला' माल मिळाला की लोक हरखून जातात. गिअर, शाफ्ट, ब्रॅकेट असेल तर जरूर घ्या. रबर घेऊ नका. रॅकवर पडूनही रबर म्हातारं होतं. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा), ब्रेकचे होज, व्हील सिलिंडरचे वॉशर हे ताजेच हवेत, मग ते दुसऱ्या कंपनीचे असले तरी चालतील. टायरवर शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायमिंग बेल्टच्या बाबतीत दोन्ही गाड्यांत मोठा फरक आहे. मेट्रोचा बेल्ट तुटला तर गाडी फक्त थांबते. मॅटिझचा तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. त्यामुळे मॅटिझवाल्यांनी मॅन्युअलमधली मुदत संपायची वाट बघू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. तर या गाड्या अजूनही कमी पितात म्हणून. मेट्रोचा एक्सएफआय हा प्रकार अमेरिकी सरकारी चाचणीत हायवेवर गॅलनला ५८ मैल द्यायचा, म्हणजे लिटरला सुमारे साडेचोवीस किलोमीटर, तेही बॅटरी-मोटरच्या मदतीशिवाय. मोजण्याची पद्धत पुढे बदलली आणि त्या हिशेबाने हा आकडा खाली येतो, पण गाडी चांगली चालते याचं कारण बदललेलं नाही: वजन पाऊण टनाच्या आसपास, अरुंद टायर, छोटं इंजिन. २००८ मध्ये अमेरिकेत पेट्रोल भडकलं तेव्हा लोक याच जुन्या मेट्रो शोधत फिरत होते. जी गाडी इतक्या कमी इंधनात माणसाला कामावर नेऊन आणते, ती केवळ एक व्हॉल्व्ह कोणत्या नावाने मिळतो हे न कळल्यामुळे भंगारात जावी, याचा मला मनापासून राग येतो. ती गाडी बनवायला लागलेलं लोखंड, काच, वीज हे सगळं खर्च होऊन गेलेलं आहे. धडक झाली तर नव्या गाडीइतकं संरक्षण ती देत नाही, हेही खरं. म्हणून ब्रेक, टायर आणि पट्टे यांत मी कधी काटकसर करत नाही आणि कुणी करू नये.

अर्थात सगळ्याच गाड्यांना बहीण नसते. जीएमचाच सॅटर्न हा ब्रँड २०१० मध्ये संपला. त्याच्या सुरुवातीच्या एस-मालिकेच्या गाड्यांना स्वतःचं वेगळं इंजिन होतं, बाजूचे पत्रे पत्र्याऐवजी प्लास्टिकचे होते. वेगळेपण हे तेव्हा जाहिरातीचं भांडवल होतं, आज तेच मालकांच्या मुळावर आलंय. आणि नात्यातल्या गाड्यांचंही एक दुखणं आहे. इंजिन-गिअरबॉक्स जुळतं, पण अंगावरचं जुळेलच असं नाही. डॅटसन रेडी-गो घ्या. डॅटसन हे नाव निस्सानने १९८० च्या दशकात एकदा मिटवलं होतं, २०१३ मध्ये पुन्हा आणलं आणि २०२२ मध्ये पुन्हा मिटवलं. रेडी-गोचं ७९९ सीसी इंजिन आणि खालचा सांगाडा रेनॉ क्विडच्या घरचा, त्यामुळे यांत्रिक भागांची फार चिंता नाही. पण हेडलॅम्प, बंपर, काचा, दाराची रबरं फक्त तिचीच. खरी अडचण अशा वस्तूंची येते. अपघात किरकोळ असतो आणि एका दिव्यापायी गाडी उभी राहते.

म्हणून माझी मागणी दोन भागांत आहे. ब्रँड बंद करताना कंपनीने नंबरांची तुलनात्मक यादी, वर्कशॉप मॅन्युअल आणि वायरिंगचे नकाशे सर्वांसाठी मोफत खुले करावेत. ही कागदपत्रं तयारच असतात, नवं काही करायचं नसतं. आणि जे भाग फक्त त्याच गाडीचे आहेत, त्यांचे साचे किंवा नकाशे कंपनीला स्वतः वापरायचे नसतील, तर ते बनवू इच्छिणाऱ्या छोट्या कारखानदारांना वापरू द्यावेत. ज्या वस्तूतून कंपनीला पुढे एक पैसाही मिळवायचा नाही, तिचे साचे मोडीत काढण्यात कुणाचं भलं होतं? ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या, बाबतीत तर हे तातडीचं आहे. त्यातले कपॅसिटर वयानुसार सुकतात किंवा गळतात, दुरुस्त करणारे कारागीर आहेत, पण आतला नकाशा नसल्यामुळे त्यांना चाचपडत काम करावं लागतं.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. पुढच्या वेळी असा ब्रँड बंद झाल्याची बातमी येईल तेव्हा बातमीदाराने कंपनीला विचारावं: पार्ट किती वर्षं मिळतील, कोणत्या नंबराने मिळतील, आणि हीच गाडी दुसऱ्या कोणत्या नावाने विकली जाते? उत्तरं बातमीच्या खाली चौकटीत छापावीत. कंपनीने उत्तर दिलं नाही, तर तेही छापावं.

मॅटिझ आणि मेट्रो यांचे जुळवलेले नंबर मी एका रजिस्टरमध्ये लिहून ठेवले आहेत. आपण छापणार असाल तर स्वच्छ अक्षरात उतरवून पाठवते. मॅटिझच्या उजव्या हेडलॅम्पचा पर्यायी नंबर मला अजून सापडलेला नाही, कुणा वाचकाकडे असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयाकडे जरूर कळवावा.

आपली नम्र,
एक निवृत्त स्टोअरकीपर