ओर्व्हिएतोची विहीर आणि आमच्या गल्लीतली

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इटलीवर पान आलं होतं, छान होतं, पण परत तेच रोम, व्हेनिस आणि पिसाचा कललेला मनोरा. इटलीच्या मधोमध असलेल्या उंब्रिया प्रांताचं नावसुद्धा नाही. लेकीकडे गेलो होतो तेव्हा जावयांनी तिकडं नेलं म्हणून कळलं, नाहीतर मला तरी कुठलं माहीत. समुद्र नाही, उतारावर ऑलिव्हची झाडं आणि टेकडीच्या डोक्यावर दगडी गाव, आपल्या राजहंसगडावर आख्खं येळ्ळूर नेऊन ठेवलं तर कसं दिसेल तसं.

त्यातलं एक ओर्व्हिएतो. रोमहून रेल्वेनं तास-सव्वा तास, मग दोरानं ओढली जाणारी छोटी गाडी कड्यावर नेते. लोक तिथलं 1290 साली बांधायला घेतलेलं चर्च बघायला जातात, मी मात्र विहिरीतच अडकलो. 1527 साली फौजेनं रोम लुटलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून इथं आला, आणि वेढा पडला तर प्यायचं काय म्हणून त्यानं सांगालो नावाच्या वास्तुविशारदाकडून विहीर खणायला घेतली. पुरी झाली 1537 ला, तोवर पोप वारलेला. पावणेदोनशे फूट खोल, आत गोल फिरणारे दोन जिने, एकानं खेचरं रिकामी उतरणार, तळाच्या पुलावरून पलीकडं जाऊन दुसऱ्यानं पाणी घेऊन वर येणार, वाटेत समोरासमोर टक्करच नाही! 248 पायऱ्या मी मोजत उतरलो, भिंतीतल्या खिडक्यांतून उजेड कमी कमी होत जातोय, दगडाला ओल, खाली गारेगार. आमची मंडळी गुडघ्यामुळं वरच बसली आणि चढताना माझी दमछाक बघून हसली.

तिकीट काढून लोक विहीर बघतात साहेब, विहीर! आपल्याकडं टिळकवाडीत 1924 च्या अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर जपली, बरं झालं. पण गल्लीबोळातल्या? आमच्या गल्लीतल्या विहिरीला घडीव दगडाच्या पायऱ्या आहेत, लहानपणी आम्ही तिथंच पोहायला शिकलो. आता त्यात निर्माल्य, थर्माकोल आणि कुणीतरी टाकलेला कमोड. पंधरा पावलांवर बोअर मारलीय, मे महिन्यात ती आटते आणि आम्ही घागरी मांडून टँकरची वाट बघतो. विचारायला गेलो तर हे खातं त्या खात्याकडं पाठवतंय, तिसऱ्या हेलपाट्याला अर्जच सापडेना.

म्हणून एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं की आम्ही गल्लीवालेच गाळ काढणार आहोत. पोरं तयार आहेत, दोर आहेत, गाळ ओढणारा पंप तेवढा नाही. कुणाकडं असेल तर दोन दिवसांसाठी द्यावा, डिझेल आम्ही घालतो, एवढं छापलं तर उपकार होतील.

आपला,
एक जुना वाचक, बेळगाव