टिंब गाळू नकोस

डिचोली, गोवा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन झाल्यापासून आई विचारतेय, पोर एवढी हिरमुसली का? घरात आपण कोंकणीत बोलतो, पण असं काही मनातलं सांगायचं झालं की मला मराठीतच लिहायला सुचतं. म्हणून हे पत्र.

तू म्हणालीस, "बाबा, बाकीचे आलेख काढतात, नकाशे करतात आणि मी दोन महिने जुन्या पानांवरची, मशीनने चुकीची वाचलेली अक्षरं दुरुस्त करतेय. हे काम कोणीही करील." बाये, मी तीस वर्षं छपाईचे शिशाचे खिळे जुळवले, एकेका अक्षराचा एकेक. हे काम कोणालाही जमत नाही.

म्हापशाला छापखान्यात लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी एका भजनी मंडळाची आरत्यांची वही छपाईला आली. वहीत होतं, ‘कृष्णाचिया पायीं’. मला ते अशुद्ध वाटलं. मी ‘कृष्णाच्या पायी’ जुळवलं आणि शुद्ध केल्याचं समाधान मानलं. फर्मा छापून झाल्यावर मंडळाचे पेटीवाले आजोबा आले. ओळ गुणगुणली आणि थांबले. पुन्हा म्हणून पाहिली. एक अक्षर कमी पडत होतं, ओळ तालात बसत नव्हती. ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. आठ पानं रद्दीत गेली. त्यानंतर कुणाचंही जुनं लिखाण मी स्वतःच्या अकलेने सुधारलं नाही.

बूसा नावाच्या इटालियन जेझुइट पाद्रीची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. अक्वायनस या मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मपंडिताच्या लिखाणात ‘सान्निध्य’ ही कल्पना ते शोधत होते. शोधता शोधता त्यांना कळलं की मोठमोठे शब्द बघून भागणार नाही, लॅटिनमधला ‘इन’, म्हणजे ‘मध्ये’, हा एवढासा शब्द प्रत्येक ठिकाणी तपासायला हवा. 1949 साली ते अमेरिकेत जाऊन आयबीएम या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना, वॉटसनना, भेटले. मग यंत्राच्या मदतीने सगळ्या शब्दांची सूची: सुमारे एक कोटी शब्द, तीस वर्षं, 56 खंड. यंत्राला शब्द वाचता यावेत म्हणून भोकं पाडलेली कार्डं लागत, ती इटलीतल्या गल्लाराते गावातल्या तरुण मुलींनी टोचली. तू हे सांगितलंस तेव्हापासून माझं मन त्या मुलींपाशीच अडकलंय. त्यांचं एक बोट चुकलं असतं तर पाद्रीबाबांचा तो ‘इन’ कुठे सापडला असता?

आता आपल्या भाषेत बघ. आपल्याकडे ‘इन’ असा सुटा शब्दच नाही, तो शब्दाच्या शेवटी चिकटतो. ‘हृदयीं’, ‘चरणीं’. जुन्या लिखाणात त्या शेवटाची खूण म्हणजे हे टिंब. पूर्वी एकाच घराविषयी लिहितानाही ‘घरांत’ लिहीत. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर ते टिंब गेलं, आणि आज ‘घरांत’ म्हणजे अनेक घरं. तुझं मशीन आजच्या नियमाने जुनं पान वाचील तर एका घराची दहा घरं करील. टिंब पुसून टाकलंस तर ‘हृदयीं’ आणि ‘हृदयी’ कोण कुठे लिहीत होतं, हे पुढे कोणीही मोजू शकणार नाही. तो आलेख काढायला तरी काय उरेल?

आणि तुझ्या हाती आलंय ते ख्रिस्तपुराण, फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तकथेचं काव्य! इंग्लंडचा माणूस 1579 साली गोव्यात येतो, आपली भाषा शिकतो आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या रचतो. 1616 साली त्या गोव्यातल्याच रायतूरला छापल्या जातात, तेही रोमी म्हणजे रोमन अक्षरांत, कारण देवनागरी खिळे तेव्हा इथे नव्हते. गोव्यात छापखाना 1556 पासून होता, पण आपल्या अक्षरांचे खिळे पाडणं सोपं नव्हतं, हे माझ्यासारख्याला समजतं. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज ठाऊक नाही. 1907 ची मंगळूरची आवृत्तीही रोमीतच, आणि देवनागरी हस्तलिखित लंडनला. दोन लिप्या समोर ठेवून ओवी लावताना रोमीत ते टिंब कसं दाखवलंय, ते नीट पाहा. तो निर्णय मशीन घेत नाही, तूच घेतेस.

तुझे सर वाचण्यासाठी सोपी प्रत मागतात, तेही चूक नाही. पण तू ती संगणकात मजकूर नोंदवायची टीईआय नावाची पद्धत सांगितलीस ना, 1987 पासून चालत आलेली, तीत मूळ रूप आणि आजचं रूप शेजारी शेजारी ठेवता येतात म्हणे. आम्हाला शिशात हे जमत नव्हतं. एका जागी एकच खिळा बसायचा. तुला दोन्ही ठेवता येतात, तर दोन्ही ठेव. वेळ लागला तर लागू दे. सरांना मी सांगितलं म्हणून सांग.

ती आरत्यांची वही आजोबांनी नंतर मलाच दिली. माळ्यावरच्या पेटीत आहे. पावसाने कडा गेल्यात. चवथीला येशील तेव्हा दोघं मिळून तिचे फोटो काढू. सहाव्या पानावर शाई फुटलीय, तिथे एका कडव्यातला शब्द मला इतकी वर्षं लागलेला नाही. तू बघ.

आई कोकमं पाठवतेय.

तुझे बाबा